थुईदामची लेक

आमच्या घरात मैल्याच्या बादल्या मी वाहायची. थोरली सून होते ना! घरामागच्या खड्ड्यातून मैला उपसायचा, त्यात चुलीची राख कालवायची, कावडीला दोन्हीकडे बादल्या लावायच्या आणि बांधाबांधाने जाऊन भाताच्या मुळाशी ओतायचं. भाताला तेवढंच खाणं. माझी धाकटी जाऊ लुआ मात्र कधी त्या कावडीला शिवली नाही. सासूबाईच शिवू देत नसत.

"तिचे हात बेओचे आहेत," म्हणायच्या. "मैला लागला तर हातगुण जाईल."

तिचे हात बेओचे. माझे कसले, ते कुणी बोलत नसे.

बेओ म्हणजे पाण्यावर तरंगणारी एक बारकी वनस्पती. नखाएवढी पानं, एकाला एक चिकटलेली. हिवाळ्याच्या शेवटी भाताची लावणी झाली की मूठमूठ बेओ खाचरात सोडायचा. तो बघता बघता दुप्पट होतो, चौपट होतो, सगळं पाणी झाकून टाकतो. मग ऊन तापलं की मरतो आणि चिखलात कुजतो, आणि तोवर पिवळट दिसणारं भात काळंभोर हिरवं होतं. माझा नातू आता शेतकी शाळेत जातो. तो सांगतो, हवा नायट्रोजनने भरलेली असते, पण भाताला तो हवेतून घेता येत नाही. चहूबाजूंनी जेवण मांडलेलं आणि भात उपाशी! बेओच्या पानात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, त्यांना मात्र तो पकडता येतो. बेओ कुजला की तो मातीत उतरतो, आणि तेव्हा कुठे भाताच्या तोंडी लागतो. शाळेतले लोक बेओला अझोला म्हणतात. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. बेओ मिळाला तर भात खायचा, नाही मिळाला तर रताळी, एवढंच आमचं शास्त्र.

बेओचं दुखणं एकच. आमच्याकडचा उन्हाळा त्याला सोसत नाही. लालभडक होतो, कीड पडते, पावसाळ्यापर्यंत सगळा संपतो. फक्त थुईदाम गावाला तो जगवता यायचा. दह्याला विरजण लागतं तसं आसपासच्या सगळ्या गावांना दर हिवाळ्याला थुईदामहून विरजण आणावं लागे. ते देतील तेव्हा घ्यायचं, देतील तेवढं घ्यायचं. आणि बेओचा उन्हाळा कसा काढायचा हे त्या गावाने कुणाला सांगितलं नाही. थुईदामची मुलगी लग्न होऊन बाहेर निघाली की आधी बेओदेवीसमोर उभी राहून शपथ घेते, तोंड उघडणार नाही म्हणून. ही गोष्ट सहकारी शेती यायच्या आधीची. तेव्हा त्या शपथेला फार वजन होतं.

अशा गावची मुलगी आमच्या सासूबाईंनी धाकट्या मुलासाठी, खांगसाठी, केली. दोंग त्रेमध्ये, म्हणजे आमच्या गावात, आमचं घर एकदम वर आलं. बायका मुद्दाम अंगणात येऊन बसायच्या, विडा लावायच्या आणि गोडगोड बोलून लुआकडून काढून घ्यायला बघायच्या. "अगं, निदान सावली लागते की ऊन, एवढं तरी सांग!" लुआ खाली बघायची आणि म्हणायची, "शपथ आहे, काकू." बस्स. एवढं म्हणून ती आत गेली की सासूबाई तिच्या पाठीकडे अशा काही बघायच्या, की माझ्या पाठीला कधी ते भाग्य लाभलं नाही. ताटात माशाचं डोकं आलं तर ते लुआच्या वाडग्यात. माझ्या वाडग्यात खारवलेली वांगी.

मी जळत होते, उगाच कशाला लपवू? पण मनातून मला तिचा मानही वाटायचा. एवढं पोटात ठेवून गप्प राहणं सोपं नसतं. मला तर शेजारणीची म्हैस गाभण असल्याचंसुद्धा पोटात राहत नाही.

मग एका वर्षी थुईदामवाल्यांनी नदीकाठच्या गावांना आधी विरजण दिलं आणि आम्हाला शेवटी. आलं तेव्हा निम्मं मेलेलं होतं. खाचरं झाकलीच नाहीत. भात पिवळं ते पिवळंच राहिलं, लोंब्या हाताला पोचट लागायच्या. मी मैला ओतून ओतून खांदे सोलून घेतले, पण एका घराचा मैला तो किती पुरणार? वर्षाच्या चौथ्या महिन्यात उरलासुरला बेओ लाल पडायला लागला, तेव्हा सासूबाईंनी लुआला अंगणात बोलावलं. शेजारची लिएनकाकू होती, आणखी चारजणी होत्या.

"शपथ सांगण्याची आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. "करण्याची तर नाही?"

लुआ खाली बघायला लागली.

"आपल्या तळ्यात बेओ ठेव. भोवती चटया बांधून घे. आम्ही कुणी तिकडे फिरकणार नाही. तू सांगितलं नाहीस, आम्ही पाहिलं नाही. शपथ तिच्या जागी, भात त्याच्या जागी."

"असं डोकं लागतं!" लिएनकाकूने मांडीवर थाप मारली. "अगं, माझ्या खाचरातला सगळाच्या सगळा आणून देते. बाकीच्या पण देतील. एकदा उन्हाळा निघाला की मग थुईदामच्या दारात कोण जातंय!"

त्या वेळी लुआच्या तोंडाकडे मी बघत होते. तिचं तोंड असं झालं होतं, जणू भर बाजारात कुणी तिच्या अंगावरचा कपडा ओढला असावा. मला वाटलं, देवीची भीती वाटत असेल. मग ती म्हणाली, "बरं."

गावातल्या बायकांनी टोपल्या टोपल्या बेओ आणून आमच्या तळ्यात ओतला. स्वतःच्या खाचरात कुणी काही ठेवलंच नाही. कशाला ठेवायचं, लुआ होती ना! आमचे नवरे, दोघं भाऊ, बंधाऱ्याच्या कामावर गेले होते, म्हणून चटया मीच बांधल्या. त्या दिवसापासून लुआ पहाटे उठून चटईच्या आत जायची. बांबूच्या खराट्याने पाण्यावर हलके हलके मारल्याचा आवाज यायचा. कधी राख मागून न्यायची, कधी केळीची पानं. रस्त्याने जाणारे लोक आवाज खाली आणायचे. पोरांना त्या बाजूला खेळू देत नसत. मी बादल्या घेऊन तिथून जाताना नाक वर करून जायची, आणि कान मात्र तिकडेच.

कानाने नव्हे, नाकाने घात केला. सहाव्या महिन्यात तळ्याकडून वास यायला लागला. मैल्याचा वास मला कुणी शिकवायला नको, हा वेगळा होता. बाकीच्यांना लुआने सांगितलं, औषध घातलंय. लोक आणखीच भारावले. एक दिवस दुपारी मला राहवलं नाही. मी चटईची कड उचलली.

तळं काळं झालं होतं. कडेला तांबूस साय, मध्ये नुसता लगदा, त्यावर माश्या. हिरवं पान औषधाला नव्हतं. लुआ काठावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे मी मान्य करते. मग तिने वर बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "मला काही येत नाही."

"काय येत नाही?"

"हे. बेओचं. मला कुणी शिकवलंच नाही."

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "मग एवढी वर्षं शपथ आहे, शपथ आहे, काय म्हणत होतीस?"

"शपथ आहेच. ती सगळ्याच मुली घेतात. येत असो नसो." तिने काठावरचा चिखल उचलला आणि पाण्यात टाकला. "मुलींना तिकडे शिकवत नाहीत, ताई. वयात आलो की तळ्याकडे फिरकू देत नाहीत. सुनांना शिकवतात. सून घरात राहते, मुलगी जाते. लहानपणी आईला राख नेताना पाहिलं होतं, खराट्याने मारताना पाहिलं होतं. वाटलं, तेवढ्यावर जमेल."

"मग त्या दिवशी अंगणात सांगायचं ना!"

"सगळ्या होत्या तिथे," ती म्हणाली. "सासूबाई होत्या."

मी चटई परत नीट बांधली. का, कोण जाणे. तिची लाज झाकायची म्हणून असेल, आणि लिएनकाकूचं तोंड डोळ्यांपुढे आलं म्हणूनही असेल.

पुढचे दिवस मी त्या तळ्यावरून जाताना खाली बघून जायची. सासूबाई मात्र गावभर मिरवत होत्या. अशा वेळी थुईदामचा एक टोपल्या विकणारा आमच्या दारात आला. टोपल्या खाली ठेवल्या नाहीत की चहाचा वाडगा घेतला नाही.

"बातमी पोचली आमच्याकडे," उभ्याउभ्याच म्हणाला. "विन्हची लेक उन्हात बेओ जगवतेय म्हणे. मुलीला शिकवलं, असं ठरवलं गावाने. विन्हची चटई गावदेवळातून उचलून बाहेर टाकली. आता जेवणावळीला तो दारात उभा असतो, भिकाऱ्यासारखा. आणि दोंग त्रेला यापुढे विरजण नाही. कधीच नाही."

विन्ह म्हणजे लुआचे वडील. आमच्याकडे गावदेवळातली चटई गेली की माणूस जिवंतपणी गेल्यात जमा. त्याच्या दारावरून लोक तोंड फिरवून जातात.

सासूबाई कमरेवर हात ठेवून हसल्या. "सांग तुझ्या गावाला, नकोच आम्हाला. आमचं तळं भरलंय!"

तो थुंकला आणि वळला. लुआ हौदापाशी भाजी धूत होती. तिच्या हातातली पानं पाण्याबरोबर वाहून गेली, तरी तिचे हात तसेच चाललेले.

"आई," ती म्हणाली. "तळ्यात काही नाही."

सासूबाईंना आधी कळलंच नाही. मग त्या तळ्याकडे गेल्या, चटई ओढून पाडली, वाकून कोपरापर्यंत हात घातला आणि लगदा वर काढून हुंगला. लुआ मागे जाऊन उभी राहिली. तिने सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द गाळला नाही. मी मध्ये पडून दोन वाक्यं बोलणार होते, पण सासूबाईंच्या बाहीवरून तो काळा चिखल ठिबकत होता, तो बघून माझी जीभ आत गेली.

"म्हणजे तुझ्या बापाला फुकट शिक्षा झाली," एवढंच त्या म्हणाल्या. "आणि माझं गाव फुकट उपाशी मरणार. भर टोपली."

लगोलग थुईदामला आम्ही तिघी गेलो. टोपली मी कावडीला लावली होती. दुसऱ्या बाजूला वजनाला दगड. वाटेत जो भेटेल तो नाक दाबून बाजूला व्हायचा. लुआ पुढे चालत होती, टोपी नाकापर्यंत ओढून.

गावदेवळात बायकांना पाय ठेवायची परवानगी नाही. आम्ही पायरीखाली अंगणात उभ्या राहिलो. आत मानाप्रमाणे चटया टाकून म्हातारे बसले होते. विन्ह दाराशी उभे होते. लेकीला बघितलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

लुआने टोपली अंगणात उपडी केली.

"मला काही येत नाही," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक की आतल्या कुणीतरी "काय?" म्हणून विचारलं. मग तिला ते पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. "मला बेओ जगवता येत नाही! बाबांनी मला शिकवलं नाही. हा बघा. सगळा मेला."

म्हातारे एकेक करून खाली उतरले. एकाने काठीने लगदा उकरला. दुसऱ्याने चिमूटभर उचलून बोटांत चोळला आणि त्याला हसू फुटलं.

"अरे, हिने राख टाकलीय! आणि ती पण भर..." एवढं म्हणतोय तोच शेजारच्याने त्याच्या बरगडीत कोपर मारलं, आणि तो खोकायला लागला. मग सगळेच हसले. एवढा मोठा हशा, की आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या. पोरं पण हसायला लागली, कशाला ते न कळता.

सगळ्यांत मोठ्याने विन्ह हसत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते धावत पायऱ्या उतरून आले, लुआचा खांदा धरला आणि सगळ्यांना ओरडून सांगायला लागले, "बघितलंत? माझी पोर! हिला काही म्हणजे काही येत नाही! शेवाळ आणि बेओ यातला फरक कळायचा नाही हिला! मी म्हणत नव्हतो?"

आणि लुआ हसली. वडील हसतात म्हणून मूल हसतं तशी. मला वाटलं, धरणी फाटली तर आधी मी उडी मारीन.

त्यांची चटई आत नेऊन जागेवर टाकली. दोंग त्रेला विरजण मिळेल, असं म्हाताऱ्यांनी सांगून टाकलं. विन्ह खुशीत होते. त्यांनी घरी नेऊन आम्हाला चहा पाजला आणि तळ्याकडे हाक मारली. तळ्यावरच्या सावलीतून त्यांची सून बाहेर आली. आदल्या वर्षीच लग्न होऊन आलेली, कुठल्या तरी लांबच्या गावची. कोपरापर्यंत हिरवे हात.

"हिवाळ्यात दोंग त्रेच्या टोपल्या आधी भरायच्या," ते तिला म्हणाले. "चांगला बेओ. आमच्या लेकीचं सासर आहे."

ती मान डोलावून परत गेली. लुआ तिच्या हातांकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "हिला एका उन्हाळ्यात शिकवलंत."

"हुशार आहे पोरगी."

"मी पण शिकले असते."

"तू कशाला?" विन्हना खरंच कळलं नव्हतं. "ती घरची आहे."

सासूबाईंनी चहाचा वाडगा खाली ठेवला. निघताना विन्ह वेशीपर्यंत आले आणि लुआच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "गुणाची गं माझी पोर. लाज राखलीस."

परत येताना कावड हलकी होती, तरी चालवत नव्हतं. सासूबाई मधूनच थांबायच्या. नदीच्या वळणावर त्या मागे न बघता बोलायला लागल्या.

"मी तुला बेओसाठी आणली. तुझं तोंडसुद्धा नीट बघितलं नव्हतं."

"ठाऊक होतं मला," लुआ म्हणाली.

"ठाऊक होतं, तर पहिल्याच दिवशी सांगायचं."

"सांगितलं असतं तर मग मला कशासाठी ठेवलं असतंत?"

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. बाजारात दर विचारतात तसं विचारलं. सासूबाई पुढे चालायला लागल्या. मी काही बोलावं, असं मला फार वाटलं. घरात काम करायला, माझ्याबरोबर हसायला, खांगची बायको म्हणून, किती तरी गोष्टींसाठी ठेवलं असतं, असं म्हणावं. पण आमचं घर मला माहीत होतं. त्या घरात मी मैल्यासाठी होते.

गावच्या वडाखाली बायका जमल्या होत्या. थुईदामवाला ओरडून गेल्यापासून त्यांच्यात कुजबुज चालली होती. लिएनकाकू पुढे आली. तिच्या तोंडावर भीती होती.

"काय झालं? आणि आमचा बेओ ठीक आहे ना?"

सासूबाई ताठ झाल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणापुढे मान खाली घातली नव्हती. "विरजण मिळणार आहे," त्या म्हणाल्या. "बाकी काही विचारू नका. शपथ आहे तिला."

लिएनकाकूने सुटकेचा श्वास टाकला. बायका मागे सरायला लागल्या. एवढ्यावर सगळं झाकलं जात होतं. पुढच्या वर्षी माशाचं डोकं पुन्हा लुआच्या वाडग्यात पडलं असतं.

"नाही, काकू," लुआ म्हणाली. "मेला तो. तुमचाही मेला. मला येत नव्हतं. कधीच येत नव्हतं."

लिएनकाकूने हळूहळू मान वळवली. तिने लुआकडे बघितलं नाही, सासूबाईंकडे बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आज कळलं."

"आणि तरी आत्ता..."

"हो, तरी." सासूबाईंनी डोक्यावरची टोपी काढली. उन्हात त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "तिने एवढी वर्षं खोटं सांगितलं. मी आत्ता सांगितलं. तिचं मला कळतं, लिएन. तिला खरं सांगता येईल असं घर मी ठेवलं नव्हतं. माझं मला कळत नाही."

एवढं बोलून त्या वडाखाली, सगळ्यांच्या देखत, मातीत बसल्या. लुआ त्यांना उठवायला वाकली, तर त्यांनी तिचे हात हातात घेतले आणि उलटेपालटे करून बघत राहिल्या, पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मलाच बघवेना. मी कावड उचलली आणि घराकडे निघाले.